स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनला पहिल्यांदाच उतरताना

मंत्रालयांनी वगैरे दिलेले खरे प्रश्न विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञानाने सोडवायच्या या देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी तू संघ जमवायला घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. सहा जण लागतात, त्यात किमान एक मुलगी हवीच. पण कृपा करून ती जागा भरण्यापुरती घेऊ नकोस, पहिल्या चर्चेपासून तिला कामात घे. आणि सहाही जण कोडिंगवाले नकोत. ज्या मंत्रालयाने प्रश्न दिलाय, तिथलं काम प्रत्यक्षात कसं चालतं हे खणून काढणारा एक तरी हवा. परीक्षक नेमके तिथेच पकडतात: हे वापरणार कोण? आज ते काय करतात? नेट नसेल तर?

सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते, तेव्हा झोपेच्या पाळ्या आधीच ठरवा. मार्गदर्शक आले की झालेलं काम दाखवत बसू नकोस, अडलेलं दाखव. ते सुचवतील ते लिहून घे आणि पुढच्या वेळी काय बदललं ते आधी सांग. एखादी सूचना पटली नाही तर कारण देऊन तसं म्हण. नुसती मान डोलावण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. ऐन वेळी सर्व्हर बसू शकतो, म्हणून डेमोचा व्हिडिओ दोघांच्या तरी लॅपटॉपवर आधीच ठेवा.