वाचकांचे प्रश्न: जुन्या कोल्टला भाव कशामुळे चढतो?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून जुन्या 'सिंगल ॲक्शन' रिव्हॉल्वरच्या किमतींबद्दल बरीच पत्रं आली. या वेळी त्यांतली पाच आणि पुण्याहून आलेलं एक, अशी सहा घेतली आहेत. सिंगल ॲक्शन म्हणजे ज्यात दर बाराला घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो, चाप फक्त तो सोडतो. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीचा १८७३ चा 'सिंगल ॲक्शन आर्मी', त्यामुळे बोलणं मुख्यतः त्याच्याभोवतीच फिरेल.

डॅलसहून एक वाचक: "दहा-पंधरा वर्षांपूर्वी आवाक्यात असलेले कोल्ट आता परवडेनासे झालेत. ही वाढ खरी आहे, की नुसती हवा?"

वाढ खरी आहे, पण सगळ्यांना सारखी नाही. २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट साठ लाख डॉलरच्या वर गेला, ती बातमी तुमच्या डोक्यात असेल तर आधी ती बाजूला ठेवा. शेरीफ पॅट गॅरेटनं बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला ज्या रिव्हॉल्वरनं मारलं, ते ते होतं. ती किंमत इतिहासाची होती, वस्तूची नव्हे.

साध्या नगांचं गणित वेगळं आहे. पहिल्या पिढीचं उत्पादन १८७३ ते १९४०. एकूण सुमारे ३ लाख ५७ हजार नग. त्यांत आता एकाचीही भर पडणार नाही. उलट अस्सल नग कमीच होत जातात, कारण दर पिढीत कोणीतरी हौसेनं पॉलिश करतो, निकेल चढवतो, नळी कापतो. न छेडलेला नग दरवर्षी थोडा अधिक दुर्मिळ होतो आणि चढलेल्या किमतीचा मोठा वाटा त्यालाच मिळतो. पॉलिश केलेला नग त्यामानानं जागच्या जागीच राहतो. कोल्टचे नवे सिंगल ॲक्शनही थोडेच निघतात आणि महाग असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जुने नगही वर ओढले जातात.

दोन हिशेब मात्र जरूर करा. पहिला महागाईचा: सन २००० मधले १,५०० डॉलर म्हणजे २०२४ मधले साधारण २,७३०. तेव्हा दीड हजाराला घेतलेला नग आज पावणेतीन हजाराला गेला, तर तुम्ही जिथे होता तिथेच आहात. दुसरा हिशेब लिलावाचा. हातोडा ४,००० वर पडला आणि खरेदीदाराचं कमिशन २० टक्के असेल, तर देणाऱ्याच्या खिशातून ४,८०० जातात, शिवाय विक्रीकर आणि पाठवणी. विकणाऱ्याच्या हाती मात्र ४,००० मधूनही त्याच्या बाजूचं कमिशन वजा होऊनच येतात. म्हणून किमतींची तुलना करताना हातोड्याची किंमत हातोड्याच्याच किमतीशी लावा. आणि मागितलेली किंमत पाहून कधीच अंदाज बांधू नका. जो नग खरंच विकला गेला त्याचाच आकडा धरा.

ऑस्टिनहून: "माझा नग कोणत्या पिढीचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? १८९९ पूर्वीचा असेल तर कायदा वेगळा आहे म्हणतात."

क्रमांक पाहा. पहिल्या पिढीला नुसता आकडा, अक्षर नाही. दुसरी पिढी १९५६ पासून सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत. आकड्यामागे 'एसए', शेवट ७३२०५ च्या आसपास. तिसरी १९७६ पासून, ८०००० एसए या क्रमांकानं सुरू. पुढे 'एसए' आकड्याच्या आधी आलं आणि त्यानंतर 'एस' आधी व 'ए' शेवटी अशी विभागणी झाली. पहिल्या दोन पिढ्यांच्या नळीच्या आट्या इंचाला २०, तिसरीच्या २४. म्हणून तिसरीची नळी पहिलीच्या फ्रेमला बसत नाही. 'सुटे भाग काय, कुठलेही चालतात' असं कोणी म्हणालं, तर हे लक्षात असू द्या.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र 'अँटिक' ठरतं. कोल्टमध्ये ही सीमा अंदाजे १ लाख ८२ हजारांच्या क्रमांकाजवळ येते. इथे फ्रेम कधी बनली हे मोजतात, माल कधी रवाना झाला ते नाही. फ्रेमच्या पुढच्या अंगाला, सिलिंडरचा दांडा धरणारा स्क्रू समोरून दिसत असेल तर ती काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या जुन्या दारूच्या, जमान्याची फ्रेम. आडवी दाबायची कळ असेल तर नंतरची. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण हौशी ग्राहकांसाठी कोल्टनं पुढेही स्क्रूच्या फ्रेम काढल्या. शिवाय राज्याराज्याचे नियम निराळे आहेत. टेक्ससमध्ये चालतं ते न्यू जर्सीत चालेलच असं नाही.

पन्नास वर्षं पूर्ण झालेला नग 'क्युरिओ' गटात येतो. संग्राहकाचा परवाना (टाइप ०३) तीन वर्षांसाठी ३० डॉलरला मिळतो. दुसऱ्या पिढीचे जवळजवळ सगळे नग आता या गटात आले आहेत.

सीमेजवळचा क्रमांक असेल, किंवा नगाला चांगली किंमत येईल असं वाटत असेल, तर कोल्टच्या अभिलेखागाराकडून पत्र मागवा. कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा, रवानगीची तारीख आणि माल कोणाकडे गेला, हे त्यात असतं. पत्रात 'साडेपाच इंच, निकेल' आणि हातात पावणेपाच इंच निळा नग असेल, तर मध्ये कोणीतरी हात फिरवला आहे. आमच्या मते हजार डॉलरच्या वरचा पहिल्या पिढीचा कोणताही नग या पत्राशिवाय घेऊ नये.

ह्यूस्टनहून: "शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी जाताना त्यांचा जुना कोल्ट माझ्या नावे ठेवला. चामड्याच्या म्यानात होता, तपकिरी पडलाय. विकण्यापूर्वी घासूनपुसून चकचकीत करावा का?"

नको. कृपा करून नको! या एका चुकीनं वस्तूची किंमत निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येते आणि ती चूक परत सुधारता येत नाही.

सर्वांत आधी तो रिकामा असल्याची खात्री करा. नळी सुरक्षित दिशेला धरून घोडा दुसऱ्या खटक्यापर्यंत, म्हणजे अर्ध्यावर, ओढा. उजवीकडचं झाकण उघडा, सिलिंडर एकेक खटका फिरवत सहाही खण डोळ्यांनी पाहा. पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: अर्ध्यावरून घोडा सरळ खाली सोडू नका. तसं केलं की सिलिंडरला अडवणारी खिटी चुकीच्या जागी टेकते आणि फिरवताना सिलिंडरभोवती एक चकचकीत रेघ ओढते. पूर्ण मागे ओढा, मग अंगठ्यानं धरून हलकेच खाली आणा. रिकामा चाप ओढत बसू नका.

आता तपकिरी रंग. लालसर, बोटाला पूड लागणारा तो गंज. तो थांबवायलाच हवा. घट्ट, गडद, गुळगुळीत तपकिरी थर म्हणजे वयाची कांती, ती घासून काढू नका. दोन्हींसाठी इलाज एकच: सुती कापडावर बंदुकीच्या हलक्या तेलाचे दोन-चार थेंब, एक दिवस थांबून पुसणे, पुन्हा तेच. पोलादी लोकर, पॉलिशची पेस्ट, ड्रिलला लावायचं ब्रशचाक यांतलं काहीही नाही. निकेलच्या नगावर अमोनिया असलेलं साफ करायचं द्रावण वापरू नका. मुलाम्याखाली तांबं असेल आणि त्यात ते शिरलं तर निकेल पापुद्र्यासारखं उठतं. तेल अक्रोडाच्या मुठीवर जाऊ देऊ नका. चामड्याच्या म्यानात परत ठेवू नका, कातडी कमावताना राहिलेली आम्लं आणि क्षार लोखंड खातात. म्यान फेकू मात्र नका. रिव्हॉल्वरसोबत ते असलं तर विकताना उपयोगी पडतं. दोन्ही वेगवेगळी ठेवा, खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखा. मूठ किंवा स्क्रू काढू नका. बाजारातल्या साध्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं असतं, ते खाचेच्या कडा तोडतं आणि जाणकार पहिल्यांदा तिथेच बघतो.

आधीच कोणी घासलाय का, हे ओळखायला स्क्रूच्या भोकांच्या कडा पाहा. त्या बशीसारख्या खोलगट झाल्या असतील तर नग पॉलिशच्या फिरत्या पट्ट्यावर धरलेला आहे. फ्रेमच्या डाव्या अंगावर पेटंटच्या तारखा असतात: १९ सप्टेंबर १८७१, २ जुलै १८७२ आणि नंतरच्या नगांवर १९ जानेवारी १८७५ सुद्धा. ती अक्षरं एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला पुसट असतील, तर तीच शंका घ्या. फ्रेमवरचे निळे-तपकिरी-राखाडी ढगाळ रंग उन्हानं आणि हातानं उडतात, आडोशाला म्हणजे घोड्याच्या खाचेत टिकतात. तुमच्या नगात उघड्या भागावर झगझगीत आणि आडोशाला फिके असतील, तर ते नंतर चढवलेले आहेत.

फ्रेम, चापाचं कडं आणि मुठीचा तळ या तीन ठिकाणचे क्रमांक जुळायला हवेत. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लष्करानं घेतलेल्या सुमारे ३७ हजार नगांपैकी बरेच नंतर खोलून, साडेसात इंचांच्या नळ्या साडेपाचवर आणून पुन्हा जोडले गेले. त्या 'आर्टिलरी' नगांत क्रमांक मिसळलेले असणं हीच अस्सलपणाची खूण. तिथे सगळे जुळले तर उलट जास्त बारकाईनं तपासा.

सॅन अँटोनियोहून: "तीन स्क्रूंचा जुना रुगर मिळतोय. कंपनीनं सुरक्षेचे भाग बदललेला घ्यावा की न बदललेला?"

कोल्टनं १९४० मध्ये हात आखडता घेतला. पुढे टीव्हीवरच्या वेस्टर्नमुळे मागणी उसळली तेव्हा ती रुगरनं भरून काढली: १९५३ चा सिंगल-सिक्स (तेव्हा ५७ डॉलर ५० सेंट), १९५५ चा ब्लॅकहॉक. १९७३ मध्ये चाप पूर्ण ओढल्याखेरीज आघात पोहोचूच न देणारी 'ट्रान्सफर बार' आली आणि फ्रेमच्या बाजूचे तीन स्क्रू जाऊन दोन खिळे आले. जुन्या नगात ही सोय कंपनी मोफत बसवून देते आणि काढलेले मूळ भाग पिशवीत परत पाठवते.

संग्राहक न बदललेल्याला जास्त मोजतात, १९५७ पूर्वीच्या सपाट झाकणाच्या सिंगल-सिक्सला तर फारच. तुम्हाला त्यातून गोळ्या झाडायच्याच असतील तर बदललेला घ्या, पण ती मूळ भागांची पिशवी सोबत मागा. तिच्यावाचून भाव पाडून मागायला हरकत नाही. न बदललेल्यात, आणि जुन्या कोल्टमध्येही, पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या खणावर टेकवायचा. सहावं भरलं आणि नग घोड्यावर पडला, तर बार उडू शकतो.

सॅन होजेहून: "हस्तिदंती मुठीमुळे किंमत वाढते का?"

तुमच्या राज्यात ती विकणं जवळजवळ अशक्यच. कॅलिफोर्नियात हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आहे आणि २०१६ पासून आफ्रिकन हस्तिदंताच्या आंतरराज्य विक्रीवर संघीय निर्बंधही आहेत. संघीय निर्बंधांतून शंभर वर्षांवरच्या वस्तूंना सूट मिळते, पण वय कागदानं सिद्ध करावं लागतं.

पुण्याहून: "अमेरिकेतल्या मुलानं एक घेऊन गुंतवणूक म्हणून इकडे आणला तर?"

हा विचार सोडा. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिथला परवाना आधी हवा, आयातीची परवानगी वेगळी हवी, अमेरिकेतून निर्यातीची आणखी वेगळी. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसानं आलेली धरून. 'जुनं आहे म्हणून परवाना नको' ही समजूतही चुकीची. पुरातन शस्त्राला सूट मिळते ती दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. वाड्यात आजोबांचं एखादं निघालं आणि परवाना कोणाच्याच नावावर नसेल, तर ते घरात न ठेवता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या आणि वारसा परवान्याचा अर्ज त्या पावतीसोबत करा.