व्हिडिओ एडिटिंगसाठी रायझन ५ ५६००जी घेऊ की कोअर आय५ १२४००?

तुमचा प्रश्न मला असा कळला. देवगडात तुमचा स्टुडिओ आहे, लग्नांचे आणि दशावतारी नाटकांचे व्हिडिओ तुम्ही प्रीमियर प्रोवर एडिट करता, ग्राफिक्स कार्ड यंदा बजेटात बसत नाही. यूट्यूबवर एक जण एएमडीचा ५६००जी पुढे दाखवतो, दुसरा इंटेलचा १२४००. मग कोणाचं खरं धरायचं?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. आय५ १२४०० घ्या, आणि नावामागे ‘एफ’ नसलेलाच घ्या.

मी कणकवलीत हेच काम करतो. माझ्याकडे १२४०० आहे, माझ्या जोडीदाराकडे ५६००जी. लग्नसराईत आम्ही कामं वाटून घेतो, त्यामुळे एकाच कॅमेऱ्याच्या फाइल दोन्ही मशीनवर चाललेल्या मी रोज पाहतो.

कागदावर दोघांत फरक शोधावा लागतो. दोघांनाही ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. दोघांपुढे ६५ वॉट लिहिलेलं. उलट बेस क्लॉक बघितला तर ५६००जीचा ३.९ आणि १२४००चा २.५, आणि तो २.५ बघूनच बरेच जण १२४००वर फुली मारतात. तसं करू नका. बेस क्लॉक म्हणजे ६५ वॉटच्या मर्यादेत राहून हमखास मिळणारा तळाचा वेग. सहाही कोअर कामाला जुंपले तरी १२४०० प्रत्यक्षात ४.० गिगाहर्ट्झला चालतो, मदरबोर्डने वीज पुरवली पाहिजे एवढंच. इंटेलने त्याची टर्बोची, म्हणजे बेसच्या वरच्या वेगाला लागणाऱ्या विजेची, मर्यादा ११७ वॉट ठेवली आहे, पण एवढी वीज तो सहसा ओढत नाही.

मग वेग सारखा असताना १२४०० पुढे का? कारण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके, एवढंच कळतं. एका ठोक्यात काम किती उरकतं ते त्यात नसतं. दोन होड्यांची वल्ही मिनिटाला तेवढ्याच वेळा पाण्यात पडली, पण एकीच्या वल्ह्याचं पातं रुंद असलं, तर कुठली पुढे जाणार हे तुम्हाला देवगडात राहून मी सांगायला नको. ५६००जीमधला झेन ३ कोअर एका ठोक्यात ४ सूचना उलगडतो, १२४००मधला गोल्डन कोव्ह ६. शिवाय प्रत्येक कोअरला एल२ कॅश, म्हणजे हाताशी असलेली झटपट मेमरी, ५१२ केबीऐवजी १.२५ एमबी. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत एका कोअरवर १२४०० साधारण १७००च्या आसपास जातो, ५६००जी साडेचौदाशे ते पंधराशेपर्यंत. सगळे कोअर लावले की १२ हजार विरुद्ध ११ हजार असा फरक उरतो. म्हणजे पुढे आहे, पण डोळे फिरावेत इतका नाही. फक्त हाच हिशेब असता तर मी तुम्हाला जो स्वस्त मिळेल तो घ्या म्हटलं असतं.

पण एडिटिंगला यापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि सिनेबेंच ती मोजतच नाही. प्रोसेसरच्या आत व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात. तुम्ही टाइमलाइनवर प्लेहेड सरकवता तेव्हा चित्र लगेच येतं की अडखळतं, हे बहुतांशी त्या भागावर ठरतं. इथे तुमचा कॅमेरा नेमकं काय रेकॉर्ड करतो ते बघावं लागेल.

सोनी ए७ ४वर एक्सएव्हीसी एचएस किंवा कॅनन आर६वर सी-लॉग लावून शूट करत असाल, तर फाइल एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०-बिट, ४:२:२ (जास्त बारीक रंग साठवणारी) अशी असू शकते. ती क्विक सिंक हार्डवेअरमध्ये उलगडतो. ५६००जीमधला भाग ४:२:२ उलगडत नाही, त्यामुळे तो सगळा बोजा सहा कोअरवर येतो आणि मल्टिकॅमला, म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळचे दोन-तीन कॅमेरे एकत्र लावले की, मशीन हांफायला लागतं. माझ्या जोडीदाराला अशा प्रत्येक कामाला आधी प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती, कराव्या लागतात. मी थेट कापायला बसतो. लग्न शनिवारी आणि हायलाइट सोमवारी मागणाऱ्या घरात हा फरक पैशांत मोजता येतो.

मात्र तोच सोनी एक्सएव्हीसी एसवर ४:२:२ १०-बिटला ठेवलात तर फाइल एच.२६४ या जुन्या पद्धतीची होते, आणि ती दोघांपैकी कोणीच हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. म्हणून १२४०० आणूनसुद्धा काही जण कपाळाला हात लावतात. कॅमेऱ्याची सेटिंग बदलली की काम होतं. साध्या ८-बिट ४:२:० फाइल असतील, मोबाइलच्या किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या, तर दोन्ही प्रोसेसर त्या व्यवस्थित चालवतात. त्या दोन यूट्यूबवाल्यांचे निकाल उलटे येण्यामागे हेही एक कारण असू शकतं. प्रत्येकाच्या हातातल्या फाइल निराळ्या. तेव्हा खोटं कोणीही बोलत नसेल, प्रश्न फक्त तुमच्या फाइल कोणाच्या फाइलसारख्या आहेत एवढाच आहे.

आता दशावताराचं. नाटकाचं रेकॉर्डिंग तास-तास लांब, रंगमंचावर रंगीत दिवे, मागे काळोख, त्यात शंकासुराचा काळा वेष. असं चित्र कमी बिटरेटला फुटतं. एक्सपोर्टला हार्डवेअर एन्कोडिंग (फाइल बनवायचं काम त्याच वेगळ्या भागाकडे) लावलं तर त्या पिढीच्या एएमडी एन्कोडरचं एच.२६४ क्विक सिंकपेक्षा कच्चं येतं, काळोख्या भागात चौकोन दिसतात. सर्वांत चांगलं चित्र सॉफ्टवेअर एन्कोडिंगने, म्हणजे तेच काम कोअरकडून करून घेतलं की, मिळतं, पण मग सहाही कोअर तासन् तास पूर्ण ताकदीने चालवावे लागतात, आणि तिथे आपल्या हवेचा प्रश्न येतो.

सिनेबेंच आर२३ डीफॉल्टला १० मिनिटं चालतो, आणि चाचण्या घेणारे बहुतेक लोक एसीच्या खोलीत बसलेले असतात. मे महिन्यात आपल्या दुकानात दुपारी ३४ अंश असतात. खोली दहा-बारा अंशांनी गरम असली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर जातो. ५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश, १२४००ची १००. दोघांसोबत खोक्यात येणारा कूलर पुरतो, पण ‘ट्रे’ पीस, म्हणजे खोक्याशिवाय सुटा प्रोसेसर, स्वस्त मिळतो म्हणून घ्याल तर त्यात कूलर नसतो, हे दुकानदाराला आधी विचारा. खारी, दमट हवा आणि धूळ मिळून कूलरच्या पात्यांवर चिकट थर बसतो. पावसाळा संपला की तो काढायचाच, नाहीतर दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मशीन आपोआप वेग कमी करतं आणि आपण प्रोसेसरला दोष देतो.

त्याहून जास्त मी मदरबोर्डबद्दल सांगेन. सर्वांत स्वस्त एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणारा भाग बरेचदा उघडाच असतो, त्याच्यावर हीटसिंक नसतो. लांब एक्सपोर्टला तो तापला की बोर्ड वीज कमी करतो आणि ४.० गिगाहर्ट्झचा प्रोसेसर खाली उतरतो. हीटसिंक असलेला बी६६० किंवा बी७६० घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलवर घालण्यापेक्षा ते इथे घातलेले बरे.

५६००जीची बाजूही मांडतो, कारण तो वाईट प्रोसेसर मुळीच नाही. त्यातलं वेगा ग्राफिक्स १२४००च्या यूएचडी ७३०पेक्षा बरंच ताकदवान आहे. कार्डाशिवाय घरातल्या मुलांना गेमही खेळायचे असतील तर मी डोळे झाकून ५६००जी सांगितला असता. पण पुढे कधी कार्ड टाकाल तेव्हा तो थोडा मागे पडेल: त्याला कार्ड जोडायला जुनं पीसीआय एक्सप्रेस ३.०च आहे, आणि एल३ कॅश १६ एमबी, साध्या ५६००च्या निम्मी.

कुठलाही घ्या, रॅमच्या दोन काड्या घ्या. १६ जीबीची एकच काडी नको, ८-८च्या दोन. कार्ड नसलं की ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि डीडीआर४-३२०० एका काडीवर सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन काड्यांवर ५१.२.

‘एफ’ अक्षराचं पुन्हा सांगतो. लॅमिंग्टन रोडला काय, कोल्हापुरात काय, १२४००एफ थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो. त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही, आणि कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. तुमच्यासाठी त्याचा उपयोग शून्य. बिलावर नाव वाचूनच पैसे द्या.

विजेचं थोडक्यात: कार्ड नसलेलं यातलं कुठलंही मशीन पूर्ण कामावर असताना दीडशे वॉटच्या आत राहतं, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो. एक्सपोर्ट त्यावर पूर्ण होईल अशी आशा धरू नका.

जमलं तर खरेदीआधी तुमच्याच एका लग्नाच्या दहा मिनिटांच्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, दोन कॅमेरे टाइमलाइनवर लावा आणि प्लेहेड सरकवून बघा. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि कुठल्या मोडवर शूट करता ते खाली लिहिलंत, तर तुमच्या फाइल क्विक सिंकमध्ये उलगडतात की नाही ते मी नेमकं सांगतो.