हक्कावर पाणी सोडणे

प्रश्न वेंगुर्ल्याहून आला आहे. रविवारच्या उपदेशात पाळक म्हणाले, 'ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या सेवेसाठी आपल्या हक्कांवर पाणी सोडावं.' प्रश्न विचारणाऱ्या ताईंना हे खटकलं. पाणी सोडणं हा दानाचा विधी, मग तो वाक्प्रचार चर्चमध्ये चालेल का?

विधीचं म्हणाल तर खुशाल चालेल. दान देताना उदक सोडून 'न मम' म्हणतात, त्यावरून तो आला हे खरं; पण रुळलेल्या शब्दाचं मूळगाव बोलताना कोण विचारतो? इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांच्या, गोव्यातल्या साष्टीत रचलेल्या, १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आहे, तेही ओवीत.

माझी हरकत अर्थाला आहे. पाणी सोडलं की वस्तू आपली राहत नाही. शिवाय आज आपण 'त्या पैशांवर पाणी सोडलं' म्हणतो ते बहुधा हात टेकल्यावर. हा उपदेश ज्या उताऱ्यावर बेतलेला दिसतो, बायबलातल्या त्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल असं काही करत नाही. उलट, सुवार्ता सांगणाऱ्याचं पोट मंडळीने भरावं हा आपला हक्क तो आधी वकिलासारखा शाबीत करतो. पदरचं खाऊन कोण शिपाईगिरी करतो? द्राक्षमळा लावून त्याचं फळ कोण खात नाही? मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हे मोशेचं नियमशास्त्रही पुढे करतो. एवढं झाल्यावर म्हणतो, हा हक्क आम्ही वापरला नाही. करिंथात तो तंबू शिवून पोट भरत होता. हक्क शाबूत, फक्त वसुली नाही. आणि हाच पौल फिलिप्पै शहरात विनाचौकशी फटके बसल्यावर रोमी नागरिकत्वाचा हक्क ठणकावून सांगतो.

आपल्याकडे हा फरक सांगायला लांब जायला नको. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करण्याची कोकणातली वतनदारी, १९४९च्या कायद्याने गेली. खोतांनी हक्क सोडला असं कोणी म्हणत नाही. हक्कसोडपत्राची गोष्ट निराळी. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहीण फोटो काढून घेते, अंगठा टेकवते, पुढे फेरफार होऊन सातबाऱ्यावरचं तिचं नाव कमी होतं. नंतर आंब्याच्या दोन पेट्या आल्या तर त्या भावाची मर्जी. (राजीखुशीने लिहून दिलं, असं त्या कागदात असतंच. राजी कोण आणि खुशी कोणाची, ते घरच्यांना ठाऊक.) तीच बहीण नाव सातबाऱ्यावर ठेवून 'माझो हक्क आसा, पण औंदा माका वाटो नको' म्हणाली, तर ते पौलाच्या बोलण्याच्या जवळ जातं.

म्हणून ताई, त्या वाक्यात 'हक्क असून न वापरणे' किंवा 'हक्क न बजावणे' म्हणावं. जरा कोरडं वाटेल, पण अर्थ चुकत नाही. 'घरादारावर तुळशीपत्र ठेवणे' तर इथे नकोच, त्यात सगळंच गेलं.

आणखी एक, व्याकरणातलं. पौलाच्या त्या वाक्यांत कर्ता 'मी' किंवा 'आम्ही' आहे. उपदेशात त्याचं 'सोडावं' झालं, की कर्ता समोरच्या बाकावर जाऊन बसतो, आणि बहुतेक वेळा तो बायकांच्या बाजूचा बाक असतो.