वाचक विचारतात : सन १३४७ आणि ३ ऑगस्टचा पेच

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहितो. या महिन्यात सगळ्या नोंदी सन १३४७च्या द्यायच्या ठरल्या आहेत. बहमनी राज्याची स्थापना एका यादीत ३ ऑगस्टला सापडते, दुसरीत ११ ऑगस्टला. फ्रान्समधलं कॅले शहरही ३ ऑगस्टलाच पडलं म्हणतात. नेमकं काय लिहावं? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : ३ ऑगस्ट लिहा. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ला आलं; त्याआधीच्या तारखा तेव्हा चालणाऱ्या ज्युलियन पद्धतीनेच द्यायचा रिवाज आहे. १४व्या शतकातली अशी तारीख आजच्या ग्रेगोरियन पद्धतीत बदलली की ८ दिवस वाढतात, म्हणून तो ११ आकडा. दिवस एकच. घोळ होतो तो एका यादीत काही तारखा बदललेल्या आणि काही जशाच्या तशा राहिल्या की. त्यामुळे फळ्याच्या कोपऱ्यात ‘तारखा ज्युलियन’ एवढं लिहून टाका आणि महिनाभर तेच पाळा.

पडताळा घ्यायचा तर तो मूळ नोंदीवरून घ्या. बहमनी राज्य स्थापणाऱ्या हसनच्या राज्याभिषेकाची नोंद हिजरी ७४८, रबिउल आखर महिन्याची २४ तारीख, शुक्रवार अशी आहे. हिशोब कागदावर होतो. पूर्ण झालेली वर्षं ७४७. गुणिले हिजरी वर्षाचे ३५४ म्हणजे २,६४,४३८ दिवस. हिजरीच्या ३० वर्षांत ११ वाढीव दिवस येतात, ते ७४७ वर्षांत २७४ भरतात. मोहरम ३०, सफर २९ आणि रबिउल अव्वल ३० मिळून ८९, वर २४. एकूण २,६४,८२५. याला ७ने भागा, बाकी १ उरते. हिजरी सनाचा पहिला दिवस शुक्रवार धरतात, म्हणून बाकी १ म्हणजे शुक्रवारच. वार जुळला. हे गणिती पंचांग आहे; प्रत्यक्षात चंद्रदर्शनाने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेव्हा एका दिवसाने वार चुकला तर लगेच खोडरबर घेऊ नका. दोन किंवा जास्त दिवस चुकला तर मात्र महिना किंवा वर्ष कुठेतरी चुकलंय.

शके हवा असेल तर ऑगस्टमधल्या तारखेच्या सनातून ७८ वजा करा, १२६९ येतो. पाडव्याआधीच्या तारखांना ७९ वजा करायचे. यादी करणारे हमखास घसरतात ते इथेच.

कॅलेचं म्हणाल तर इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने ४ सप्टेंबर १३४६ला वेढा घातला आणि सुमारे ११ महिन्यांनी शहर शरण आलं. काही पुस्तकं ३ ऑगस्ट देतात, काही ४. म्हणून ‘त्याच दिवशी’ असा झणझणीत मथळा मोह पडला तरी टाळा. ‘त्याच सुमारास’ पुरे. पुढे १५५८पर्यंत कॅले इंग्रजांकडेच होतं.

प्रश्न : बहमनींच्या या उलथापालथीत आपल्या बागलाणचा काही संबंध येतो का? (सटाणा)

उत्तर : येतो, पण कडेकडेने. मुहम्मद तुघलकाविरुद्ध गुजरात आणि दख्खनच्या ‘अमीरान-ए-सदा’ या अंमलदारांनी बंड केलं. गुजरातेत मार खाल्लेले काही जण बागलाणातल्या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडे, तिथला अधिपती मानदेव याच्याकडे पळाले. त्याने आसरा देण्याऐवजी त्यांना धरलं आणि जडजवाहीर काढून घेतलं, असं समकालीन इतिहासकार बरनी सांगतो. ही गोष्ट राज्याभिषेकाच्या आधीची आहे, १३४७च्या खात्यात टाकू नका.

इकडे दौलताबादेत बंडखोरांनी इस्माइल मुख याला गादीवर बसवलं. तुघलकाने येऊन वेढा दिला, पण गुजरातेत तघी नावाच्या बंडखोराने उठाव केल्याने त्याला निघावं लागलं. मग हसन या सरदाराने बिदरजवळ शाही सेनापतीला मारलं, इस्माइलने गादी सोडली आणि हसन ‘अलाउद्दीन बहमनशाह’ झाला. राजधानी पुढे गुलबर्ग्याला नेली. गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या चाकरीत असल्याने ‘बहमनी’ हे नाव पडलं, ही कथा अजून मार्गदर्शक पुस्तिकांत सर्रास दिसते. ती फरिश्ता या इतिहासकाराने अडीचशे वर्षांनी लिहिली. हसनच्याच दरबारात लिहिणाऱ्या इसामीकडे ती नाही. फळ्यावर नको.

प्रश्न : १३४७चे जन्म-मृत्यू कोणते घ्यावेत? (नाशिक रोड)

उत्तर : जन्मांत इटलीतल्या सिएनाची संत कॅथरीन. परंपरेने तारीख २५ मार्च. सिएनात नवं वर्षच २५ मार्चला लागायचं, इंग्लंडमध्येही तसंच. त्यामुळे तिथल्या कागदांत आपल्या १३४७च्या जानेवारी ते २४ मार्चच्या घटना १३४६ म्हणून येतात. तारीख दोनदा पाहा.

मृत्यूंत पवित्र रोमन सम्राट चौथा लुडविग, ११ ऑक्टोबर, बव्हेरियात अस्वलाच्या शिकारीवर असताना. तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम म्युनिकमध्ये गेला. जुन्या पुस्तकांत १३४९ आहे, आता १३४७ मानतात. आपल्याकडचं काही हवं तर एवढं लिहा : संत नामदेव तेव्हा हयात होते, परंपरेच्या हिशोबाने ७७ वर्षांचे.

आणि एक नोंद सोडू नका. त्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलमध्ये बायझंटाइन सम्राट सहाव्या जॉनचा राज्याभिषेक झाला. खरी रत्नं व्हेनिसकडे ३०,००० डुकाटांना (सोन्याच्या नाण्यांना) गहाण पडलेली. म्हणून मुकुटात काचा जडवल्या आणि मेजवानीत सोन्याचांदीऐवजी कथलाची व मातीची भांडी मांडली. साम्राज्याची अवस्था सांगायला आमच्या मते एवढं बस्स आहे.

प्रश्न : प्लेगची महामारी १३४७ची की १३४८ची? (देवळाली कॅम्प)

उत्तर : गावागणिक वेगळी. काळ्या समुद्राकडून कॉन्स्टँटिनोपलला १३४७मध्ये, सिसिलीतल्या मेसिना बंदरात त्याच ऑक्टोबरात, वर्षअखेरीस मार्सेलला. फ्लोरेन्स आणि इंग्लंड १३४८मध्ये. तुघलकाच्या फौजेत वरंगळच्या वाटेवर पसरलेली साथ याच महामारीशी जोडतात, पण ती १३३५च्या सुमाराची आहे, म्हणजे मेसिनाच्या आधी बारा वर्षं.