गिअर लिव्हर हलतोय? वेल्डिंग नको, भावा

भावा, बाईकचा गिअर लिव्हर इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर नुसताच फिरतोय म्हणून लगेच वेल्डिंगवाल्याकडं पळू नकोस. मी एकदा तेच केलं, पन्हाळ्याला जायची घाई होती. उष्णतेनं शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, गेलं आणि बूट तेलानं माखला. वर पुढच्या वेळी लिव्हर कापून काढायला लागला, ते वेगळंच.

आधी दहाचा पाना घे आणि लिव्हर आवळणारा बोल्ट पूर्ण बाहेर काढ. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, नुसता ढिला करून लिव्हर निघत नाही. हातोडी तर अजिबात नको. मग शाफ्टवरचे आणि लिव्हरच्या भोकातले दाते ब्रशनं, पेट्रोलनं साफ करून बघ. शाफ्ट कडक असतो, झिजतो तो बहुतेक लिव्हरच. शाफ्टचे दाते धारदार असतील तर नवा लिव्हर टाक, विषय संपला.

बोल्ट आवळतो तिथली लिव्हरची चीर बघितलीस का? बोल्ट आवळल्यावर ती पूर्ण मिटत असेल तर कितीही ताकद लाव, पकड येणार नाही, उलट आटे जातील. हॅक्सॉनं चीर जराशी रुंद केली की काही महिने निघतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये घालणं म्हणजे घरी पोचण्यापुरता जुगाड.

शाफ्टच गुळगुळीत झाला असेल तर मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखव.