कांदा शिजवला की त्यातले अँटिऑक्सिडंट जातात का?

तुम्ही विचारलंय की शिजवल्यावर कांद्यातले अँटिऑक्सिडंट राहतात का आणि लाल घ्यावा की पांढरा. शिजवण्याचं नंतर, आधी तुम्ही कांदा सोलता कसा ते बघा, बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं.

मी नारायण पेठेत नऊ वर्षं मेस चालवली, धाकटे दीर भागीदार होते. रोजचा पंधरा किलो कांदा लागायचा, पोती मार्केट यार्डातून यायची. भाऊजी सोलायला बसले की सालीबरोबर खालची जाड लाल पाकळीपण ओढून काढायचे, कधीकधी दोन, म्हणायचे वहिनी, पोरं साडेबाराला दारात येतात, हात चालला पाहिजे. बादलीत हात घातला की वर सुकी सालं आणि खाली चांगल्या रसरशीत जांभळ्या वाट्याच्या वाट्या. माझा जीव तुटायचा. कांद्यातल्या ज्या अँटिऑक्सिडंटचं एवढं कौतुक आहे ते क्वेरसेटिन सगळ्यात जास्त सुक्या सालीत, मग तिच्या लगेच खालच्या पाकळीत, आणि आत गाभ्याकडे जाल तसं कमी कमी. म्हणजे आम्ही कसदार भाग फेकत होतो आणि पोरांना मधला वाढत होतो. हे सांगितलं तर उत्तर काय, तर कांद्यात काय असतं, पाणीच असतं.

तर लाल घ्या. पांढऱ्यात क्वेरसेटिन जवळपास नसतंच आणि लाल कांद्याला रंग देणारं अँथोसायनिनही नाही. क्वेरसेटिन उष्णतेने सहजासहजी मोडत नाही, पण पाण्यात उतरतं, म्हणून तेलावर परतलेला कांदा बिनधास्त खा, ग्रेव्हीसाठी उकडून पाणी मोरीत ओतलंत तर मात्र पाण्यात उतरलेलं गेलं. कांद्यातलं क्वेरसेटिन ग्लुकोज या साखरेला जोडलेलं असतं, सफरचंदातलं बहुतेक दुसऱ्या साखरांना, त्यामुळे ते सफरचंदातल्यापेक्षा अंगी जास्त लागतं, उगाच महाग फळांच्या मागे लागू नका.

आता हेही सांगते की परीक्षानळीतला अँटिऑक्सिडंटचा आकडा म्हणजे शरीरातला फायदा नव्हे, अमेरिकेच्या शेती खात्याने अशा आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये वेबसाईटवरून काढूनच टाकला. कांद्याने आजार बरा होतो असं मी म्हणत नाहीये. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर क्वेरसेटिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, जेवणातला कांदा वेगळा.

पण फक्त सुकी साल काढायची, पाकळी नाही. आणि भाऊजी, हे वाचत असाल तर कांदा उकडलेलं पाणी आमटीत घालायचं असतं, मी मेस होती तेव्हापासून सांगतेय.