आधी वायरिंग, मग पेट्रोल, मग एक्झॉस्ट : जुन्या मसल कारविषयी वाचकांचे प्रश्न

१९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाड्यांत मोठी व्ही-८ इंजिने बसवून ज्या गाड्या विकल्या गेल्या, त्यांना मसल कार म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी काहींच्या गॅरेजमध्ये आता अशा गाड्या दिसतात आणि त्यांची इंधन, एक्झॉस्ट व विजेची व्यवस्था सुधारण्याविषयी पत्रे येतात. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. या तीन व्यवस्था कॅटलॉगमध्ये वेगवेगळ्या पानांवर असल्या, तरी गाडीत त्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. त्यामुळे कोणते काम आधी करायचे, हा प्रश्न कोणता भाग घ्यायचा याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न (नोव्ही, मिशिगन) : माझ्याकडे १९६९ ची शेव्हेल असून तिला ३५० घनइंची इंजिन आहे. कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, नवे हेडर (सिलिंडरांतून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि रेडिएटरला विजेचा पंखा बसवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात वायरिंगपासून करावी. इंजेक्शनचा संच आणून खोके उघडण्याची घाई होते, हे मी जाणतो, पण त्या संचाचा संगणक आणि पेट्रोलचा पंप दोन्ही स्थिर व्होल्टेजवर अवलंबून असतात. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडते आणि माणूस आठवडेच्या आठवडे पेट्रोलच्या बाजूला दोष शोधत बसतो.

आधी बेरीज करून पाहा. इंजेक्शन आणि पंप मिळून साधारण १२ ते १५ अँपिअर, पंखा २५ ते ३० अँपिअर, हेडलाइट १० ते १५ आणि इग्निशन सुमारे ५ अँपिअर घेते. म्हणजे सिग्नलला उभे असताना ५० ते ६५ अँपिअर लागणार. त्या काळचे अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) अनेकदा ३७ ते ६० अँपिअरचेच असत, आणि तोही आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन सावकाश फिरत असताना, त्याच्या निम्मेही हाती लागत नाही. उरलेली वीज बॅटरीतून जाते आणि एखाद्या संध्याकाळी गाडी रस्त्यात उभी राहते.

तरीही नवा अल्टरनेटर घेण्यापूर्वी मल्टीमीटर हाती घ्या. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अल्टरनेटरच्या जाड स्क्रूला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंतचा फरक चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चार्जिंगची तार किंवा तिचे सांधे खराब आहेत. मग हीच मोजणी अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गाड्यांचा दोष या दुसऱ्या मोजणीत, म्हणजे अर्थिंगमध्ये सापडतो. इंजिन ते चेसिस आणि इंजिन ते बॉडी अशा दोन्ही पट्ट्या नव्या घाला आणि त्यांच्याखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा.

अल्टरनेटर निवडताना रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आतच असलेला आणि तीन तारांचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका तारेचा अल्टरनेटर बसवायला सोपा असतो, पण तो व्होल्टेज स्वतःच्याच टोकाशी मोजतो. तीन तारांच्या अल्टरनेटरची एक तार गाडीच्या मुख्य जोडबिंदूपर्यंत जाते आणि वीज जिथे खरोखर लागते तिथले व्होल्टेज पाहून तो काम करतो. १०० अँपिअरचा अल्टरनेटर बसवत असाल तर चार्जिंगची तार ४ गेजची घाला आणि बॅटरीजवळ फ्यूज द्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात विसरू नका.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : माझ्या १९७० च्या डॉज चॅलेंजरमध्ये हेडलाइट लावले की अॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा थरथरतो आणि डॅशबोर्डमधून जळका वास येतो. अॅमीटर बदलू का?

उत्तर : कृपया आजपासून ही गाडी चालवू नका आणि बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा. हा दोष त्या रचनेतलाच आहे. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत बॅटरी चार्ज होतानाचा सगळा प्रवाह फायरवॉलवरच्या (इंजिनाचा कप्पा आणि आतली बैठक यांच्यामधल्या भिंतीवरच्या) कनेक्टरमधून आत येतो, डॅशबोर्डमधल्या अॅमीटरमधून जातो आणि त्याच कनेक्टरमधून पुन्हा बाहेर बॅटरीकडे जातो. कनेक्टरच्या ज्या पितळी पात्यांवर हा भार येतो, त्यांना आज पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला आहे.

अशाच एका डॉज चार्जर गाडीचा कनेक्टर मी मागच्या हिवाळ्यात उघडला. बाहेरून तो ठीक दिसत होता. दोन अर्धे वेगळे करताना मात्र एका पात्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन भुगा झालेले निघाले. पात्याची पकड गेली होती आणि तारेचे आवरण टोकापासून बोटभर कडक होऊन तडकले होते. सैल सांध्यात प्रतिकार वाढतो, त्यामुळे तिथे उष्णता निर्माण होते, आणि उष्णतेने सांधा आणखी सैल होतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

त्यामुळे अॅमीटर बदलून काम भागणार नाही, तो मार्गातूनच काढायला हवा. अॅमीटरच्या मागच्या दोन तारा पक्क्या जोडून वर उष्णतेने आवळणारे आवरण चढवा. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या बाजूला इंजिनाच्या कप्प्यातूनच फ्यूजसह स्वतंत्र जाड तार न्या आणि डॅशबोर्डमध्ये व्होल्टमीटर बसवा. मुख्य तारेवरचा फ्युजिबल लिंक (भार वाढला की आधी वितळणारा तारेचा तुकडा) ज्या तारेचे रक्षण करतो तिच्यापेक्षा चार गेज बारीक, म्हणजे आकड्याने चारने मोठा असावा. त्याच्या जागी कुणी साधी तार जोडून ठेवली असेल तर ती आधी काढा. हेडलाइटसाठी रिलेही (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालून घ्या. साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो : दहा टक्के व्होल्टेज गेले की जवळपास तीस टक्के उजेड जातो. जुन्या स्विचमधून इतके व्होल्टेज सहज गळते.

प्रश्न (शिकागो) : पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर बसवला, पण वेग वाढला की इंजिन मिस होते.

उत्तर : बहुधा आपण त्याला जुन्याच तारेतून वीज दिली आहे. पॉइंट जळू नयेत म्हणून कारखान्यातच त्या तारेत प्रतिकार ठेवलेला असे आणि इंजिन चालू असताना कॉइलपर्यंत सात ते नऊ व्होल्टच पोहोचत. नव्या इग्निशनला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र तार आणा, पण किल्ली स्टार्टला फिरवलेली असतानाही तिच्यात वीज राहते का, हे तपासून घ्या. काही टर्मिनल नेमकी त्याच क्षणी मृत होतात.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : १९६७ च्या मस्टँगमध्ये २८९ इंजिन आहे आणि मला सुमारे ३०० अश्वशक्ती अपेक्षित आहे. फ्युएल इंजेक्शनसाठी जुनी टाकी ठेवून बाहेरून विजेचा पंप लावला तर चालेल का? पंप आणि होज कोणते घ्यावेत?

उत्तर : चालेल, पण मी ते सुचवणार नाही. आपल्या गाडीतला मूळ यांत्रिक पंप दर चौरस इंचाला पाच-सहा पौंड दाबाने पेट्रोल देतो. कार्ब्युरेटरच्या जागी बसणाऱ्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या बहुतेक संचांना ५८ पौंडांच्या आसपास दाब लागतो. हा फरक जवळजवळ दसपट आहे. कार्ब्युरेटरच्या दाबावर जिथे थेंब पडला असता, तिथे या दाबावर बारीक फवारा उडतो आणि तापलेल्या इंजिनाच्या कप्प्यात त्याचा अर्थ आग असा आहे.

पंप आकड्यांवरून ठरवा. एका अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागते, म्हणजे ३०० अश्वशक्तीला १५० पौंड. गॅलनचे वजन सहा पौंडांहून थोडे अधिक असल्याने हे तासाला सुमारे २४ गॅलन, अर्थात ९० लिटरच्या आसपास झाले. बाजारात सर्रास मिळणारा तासाला २५५ लिटरचा पंप आपल्या गरजेच्या अडीचपटीहून मोठा आहे. त्याहून मोठा घेण्यात काहीच लाभ नाही, कारण जास्तीचे पेट्रोल इंजिनाजवळून तापून टाकीत परत येते आणि टाकीतले सगळे पेट्रोल हळूहळू गरम करते.

पंप टाकीच्या आत असलेला बरा. तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहिल्याने थंड राहतो, आवाज कमी करतो आणि त्याला पेट्रोल वर ओढावे लागत नाही. हे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नाहीत. आत पंप, वळणावर पेट्रोल बाजूला जाऊ नये म्हणून आडपडदे आणि परतीची नळी असलेली टाकी मस्टँगसाठी तयार मिळते. टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी कळवणारा तरंगता भाग) मात्र डॅशबोर्डवरच्या पेट्रोलच्या मूळ गेजशी जुळणारा मागा. फोर्डचा गेज रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला १० ओहम वाचतो. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या गाड्यांत तो ० ते ९० ओहम असतो. चुकीचा फ्लोट बसवला की काटा उलटा धावतो.

आपल्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला गांभीर्याने सांगायची आहे. त्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो आणि डिकी व मागची सीट यांच्यामध्ये धातूची भिंत नसते. टाकीच्या तोंडाशी गळती झाली तर पेट्रोलची वाफ थेट माणसांपर्यंत येते. म्हणून मागच्या सीटमागे पत्र्याचा पडदा पक्का बसवून त्याच्या कडा बंद करा. पंपाच्या रिलेमध्ये अपघाताच्या धक्क्याने वीज तोडणारा स्विचही घाला.

होजवर छापलेले अक्षर वाचूनच होज घ्या. ३०आर७ हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठीचा होज आहे. इंजेक्शनला ३०आर९ किंवा ३०आर१४ यांपैकी ज्यावर आपल्या संचाच्या दाबाचे रेटिंग असेल तो घ्यावा, आणि टाकीच्या आत तर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठीचा वेगळा ३०आर१० होजच चालतो. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका तुकड्यापुरती तडजोड केली होती : टाकीच्या आत बाहेरचा होज वापरला. काही महिन्यांत तो फुगून मऊ झाला, पंपाच्या तोंडावरून निसटला आणि गाडी हायवेच्या कडेला बंद पडली. टाकी उतरवून तो काढला तेव्हा बोटांनी दाबताच तो चिरला. शक्य तिथे धातूची नळी वापरा आणि रबर फक्त हलणाऱ्या सांध्यांपुरते ठेवा.

प्रश्न (मुंबई) : आमच्या घरी साठच्या दशकातली इम्पाला आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने तिचे नुकसान होईल का?

उत्तर : जुन्या रबराचे होईल. होज, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन तापते. जेट थोडे मोठे करून घ्या. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी ठेवू नका. पहिल्या काही टाक्यांत आतला जुना गंज-कचरा सुटून येईल, तेव्हा फिल्टर दोन-तीनदा बदलावा लागेल.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सास) : १९६८ च्या कॅमेरोत ३२७ इंजिन आहे. हेडर आणि दुहेरी एक्झॉस्ट बसवतो आहे. नळ्या जितक्या मोठ्या तितके चांगले, असे दुकानदार म्हणतो; मित्र म्हणतो की थोडा उलटा दाब हवाच. दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर : दोघांचेही अर्धवट बरोबर आहे. उलट्या दाबाचा इंजिनाला कधीच उपयोग नसतो. उपयोग असतो तो वायूच्या वेगाचा. योग्य व्यासाच्या नळीतून वेगाने गेलेला वायूचा लोट आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या लोटाला ओढून घेतो. नळी फार मोठी झाली की वेग पडतो आणि रस्त्यावर जिथे खरे काम असते, त्या खालच्या वेगातला जोर जातो. मित्राला जे जाणवले असेल ते हेच. ३२७ ला हेडरच्या नळ्या १.६२५ इंची आणि मागचे दोन्ही पाइप अडीच इंची पुरेसे आहेत. पावणेदोन इंची हेडर त्याहून बऱ्याच मोठ्या ताकदीच्या इंजिनांसाठी ठेवा. वाकवताना चुरगळलेले पाइप घेऊ नका. आत साचा घालून वाकवलेल्या पाइपचा व्यास वळणातही कायम राहतो.

दोन्ही पाइप मध्ये एच किंवा एक्स आकाराच्या तुकड्याने जोडावेत. शेव्हीचा (शेव्हरोलेचा) फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. विषम सिलिंडर डाव्या बाजूला असतात. म्हणजे ५ आणि ७ यांचे लोट पाठोपाठ एकाच पाइपात शिरतात आणि ८ व ४ यांचे दुसऱ्या पाइपात. जोडतुकड्यामुळे त्या गर्दीला दुसऱ्या बाजूची वाट मिळते. एचने आवाज खर्जातला राहतो, एक्सने तो किंचित तीव्र होतो. मला स्वतःला एचचा आवाज या गाड्यांना अधिक शोभतो असे वाटते.

हेडर बसवल्यावर मिश्रण पातळ होण्याची शक्यता असते, त्यामुळे जेट तपासून घ्या. पुढे इंजेक्शनचा विचार असेल तर ऑक्सिजन सेन्सरची जागा आत्ताच वेल्ड करून घ्या आणि सेन्सरच्या आधीच्या भागात कुठेही गळती राहू देऊ नका. फटीतून आत ओढलेल्या हवेमुळे सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि संगणक नको इतके पेट्रोल ओततो. ऑस्टिनच्या उन्हाळ्यात हेडरजवळचा स्टार्टर तापून गाडी गरम असताना उचलत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. स्टार्टरवर उष्णतारोधक कवच चढवा, त्याच्या तारा आणि पेट्रोलची नळी हेडरपासून शक्य तितकी दूर न्या. हेडरचे बोल्ट दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळा, मधल्या सिलिंडरांपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जात, कारण टोकांपासून आवळल्यास पॅकिंग मध्ये उचलले जाते आणि टकटक असा आवाज सुरू होतो.